चाकणला न पोचलेला पत्ता

चिखलीतल्या ज्या छोट्या इंटरनेट कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो, तिचे मालक मुळात केबलवाले. त्याच्याही आधी त्यांच्या घरी शेती होती, आणि आमचं ऑफिस जिथे आहे तिथे ऊस उभा असायचा. गिऱ्हाईक मिळवायला त्यांना जाहिरात लागत नाही. लगीनसराईत चार लग्नांना हजेरी लावली की दहा कनेक्शनं पक्की. तांत्रिक बाजू मात्र सगळी माझ्यावर. ते मला 'इंजिनेर' म्हणतात. चांगल्या दिवशी त्यात कौतुक असतं, वाईट दिवशी शंका.

आमच्याकडचे पत्ते संपले होते. पत्ते म्हणजे आकड्यांचे, इंटरनेटवर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक लागतो ते. म्हणून आम्ही नवा गठ्ठा घेतला. अर्ज, नोंदी, यंत्रांमधले बदल, सगळं मी एकट्याने केलं आणि चिखलीतल्या वर्कशॉपच्या एका अख्ख्या गल्लीला नवे पत्ते देऊन टाकले. मालकांना म्हटलं, "झालं काम." दोन दिवस मी ऑफिसात जरा छाती काढूनच फिरत होतो.

मंगळवारी सकाळी फोन आला. त्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक ताई प्रेस मशिनवर छोटे पार्ट बनवतात. मूळच्या लातूरकडच्या. नवरा कंपनीत शिफ्टला, वर्कशॉप या चालवतात. त्यांचा माल चाकणच्या एका मोठ्या कंपनीत जातो. टेम्पो निघण्याआधी त्या कंपनीच्या पोर्टलवर पावती काढावी लागते. पावती नसली तर गेटवरचा सिक्युरिटीवाला टेम्पो आत घेत नाही.

"भाऊ, पोर्टल उघडंना झालंय."

"ताई, राउटर एकदा बंद करून चालू करा."

"अकरा वेळा केला. आता बाराव्यांदा केला तर बटण निघून हातात येईल."

"बाकीचं सगळं चालतंय का?"

"बँक चालायलीय, व्हिडिओ चालायलेत, शेजारचा दिवसभर क्रिकेट बघायलाय. फक्त माझं कामाचं तेवढं चालंना."

मी आमच्या धंद्यातलं ठेवणीतलं वाक्य काढलं. "म्हणजे त्यांचीच साइट बंद असणार."

"काळेवाडीत माझ्या घरी उघडलं की. तिथंबी तुमचंच कनेक्शन आहे."

एकाच कंपनीचं कनेक्शन, घरी चालतं, शेडमध्ये चालत नाही, आणि शेडमध्येही फक्त एकच साइट चालत नाही. ताईंनी मला न विचारता अर्धं निदान करून दिलं होतं. घरी जुना पत्ता होता, शेडमध्ये नवा. मला तेव्हाच उमजायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी एकच विचार आला, की नवे पत्ते मी दिलेत, म्हणजे ते बरोबरच असणार.

दुपारपर्यंत त्या गल्लीतून आणखी चार फोन आले. सगळ्यांचा माल चाकणलाच जाणारा. शेडमध्ये मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज, नेट चालत नाही, त्यामुळे ताई लॅपटॉप घेऊन गल्लीच्या तोंडाशी यायच्या, स्कूटरच्या सीटवर तो मांडायच्या आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पावती काढायच्या. मी पाहणी करायला गेलो तेव्हा एका हाताने त्या लॅपटॉप धरून होत्या, दुसऱ्या हाताने ओढणीने स्क्रीनवर सावली करत होत्या आणि मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या भाऊ. तुमचं नवीन ऑफिस बघा."

बुधवारी मी नीट शोधायला बसलो. इंटरनेट कंपन्यांची यंत्रं एकमेकांना सतत सांगत असतात, 'हे हे पत्ते आमच्याकडे राहतात, त्यांचं काही आलं तर इकडे पाठवा.' एक दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला, आणि अशी ती खबर जगभर पोचते. मी तपासलं तर आमच्या शेडमधून निघालेली विनंती चाकणपर्यंत व्यवस्थित जात होती. उत्तरच परत येत नव्हतं. चाकणच्या कंपनीला इंटरनेट देणारी जी मोठी कंपनी, तिला आमचा नवा गठ्ठा कुठे राहतो हेच माहीत नव्हतं. उत्तर हातात धरून ती उभी, आणि द्यायचं कुणाला ते कळेना.

त्या मोठ्या कंपनीत फोन लावला. तासाभराने एक इंजिनिअर बाई लाइनवर आल्या. आवाज इतका शांत, की मला उगाचच राग आला.

"सर, तुमचा नवा गठ्ठा आमच्या पत्त्यांच्या टेबलमध्ये दिसत नाहीये."

"आम्ही तर पाठवतोय मॅडम. बाकीच्या सगळ्या जगाला दिसतोय. तुम्हालाच कसा दिसत नाही?"

"आमच्याकडे येतोय सर, पण आमची यंत्रणा तो नाकारतीय. तुम्ही तुमची नोंद एकदा तपासता का?"

"नोंद मी स्वतः भरलीय," मी म्हणालो. या वाक्यानंतर काही तपासायचं उरतं असं मला अजिबात वाटलं नाही.

"तरी एकदा बघाल का?"

"तुम्ही तुमचे फिल्टर बघा मॅडम."

फोन ठेवला आणि मी मेल लिहायला घेतली. 'आपल्या निष्काळजीपणामुळे आमच्या ग्राहकांचे उत्पादन धोक्यात आले आहे.' ग्राहकांचे उत्पादन! मला वाक्य इतकं आवडलं की मी ते मोठ्याने वाचून मालकांना ऐकवलं. मग त्या बाईंचे साहेब, साहेबांचे साहेब, चाकणच्या कंपनीतले आयटीवाले आणि आमचे पाचही त्रासलेले वर्कशॉपवाले, सगळ्यांना प्रत पाठवली. मालकांनीही आवर्जून स्वतःचा मेलचा पत्ता त्यात घालायला लावला. "आपल्याला बी येऊ दे की. घरी दाखवतो."

उत्तर एका ओळीचं आलं. 'कृपया आपली नोंद तपासावी.'

"काय अडेलतट्टू बाई आहे," मी म्हणालो.

मालक म्हणाले, "असं फोनावर न्हाई व्हायचं. आपन चाकनला जाऊ. समोरासमोर बसलं की कामं व्हत्यात."

गुरुवारी आम्ही त्यांच्या गाडीतून निघालो. स्पाइन रोडवरून हायवेला लागेपर्यंत बरं होतं, पुढे कंटेनरच्या मागे कंटेनर. मालक मात्र मजेत. रस्त्याकडेच्या प्रत्येक प्लॉटकडे बोट दाखवून तो पूर्वी कुणाचा होता आणि आता कुणाचा आहे ते सांगत होते. दीड तासाने आम्ही कंपनीच्या गेटवर पोचलो, तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "पास?"

"कसला पास?"

"व्हिजिटर पास. पोर्टलवर काढायचा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी गेटवर लावलेल्या सुरक्षेच्या पाटीकडे बघितलं.

तेवढ्यात गेटच्या रांगेत ओळखीचा टेम्पो दिसला. ड्रायव्हरशेजारी ताई बसल्या होत्या. पावत्या उशिरा येताहेत म्हणून स्टोअरच्या साहेबांनी त्यांनाच बोलावून घेतलं होतं. आमची अडचण ऐकून त्या खाली उतरल्या. "थांबा, माझं लॉगिन आहे. माझ्या नावावर तुमचे पास काढते." मोबाइलवर पटापट टाइप करत त्यांनी विचारलं, "भेटीचं कारण काय टाकू?"

"तांत्रिक चर्चा," मी म्हणालो.

"चूक शोधायला, असं टाकते," त्या म्हणाल्या आणि टाकलंसुद्धा. त्या पासची छापील पट्टी गळ्यात अडकवून मी आत गेलो.

आयटीवाले साहेब मध्यम वयाचे, सज्जन. त्यांनी चहा मागवला आणि आमची मेल त्यांना मिळाली होती असं हसून सांगितलं. स्टोअरचे साहेब मीटिंगमध्ये अडकले होते, त्यामुळे ताईही आमच्याबरोबर येऊन बसल्या. साहेबांनी त्या शांत आवाजाच्या बाईंना फोन लावून स्पीकरवर घेतलं.

मी भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, दोनच मिनिटं. तुमच्या नेटवर्कचा नंबर काय?"

प्रत्येक इंटरनेट कंपनीला असा एक नंबर असतो. माझा मला झोपेतही पाठ आहे. मी खडाखडा म्हणून दाखवला. शेवटचे दोन आकडे, सात चार.

"बरं. आता केंद्रीय नोंदवहीत या गठ्ठ्यापुढे कोणता नंबर आहे ते वाचते हं." आणि त्यांनी वाचला.

मला तो अगदी बरोबर वाटला. मान डोलावून मी म्हणालो, "हाच. मग अडचण कुठे आहे?"

"भाऊ," शेजारून ताई म्हणाल्या, "तुम्ही सात चार म्हणालाव. त्या चार सात म्हणाल्या."

साहेबांनी स्वतःच्या स्क्रीनवर ती नोंद उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. चार सात. माझीच नोंद, खाली माझंच नाव.

ताईंना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. "पार्ट नंबर बघायची सवय आहे," त्या म्हणाल्या. "एकदा एक आकडा मागंपुढं झाला तर इथून अख्खा लॉट परत आला होता. तवापासून मी डोळ्यानं वाचत नाही, कानानं वाचते."

मालक अजून चाचपडत होते. "मला जरा इस्कटून सांगा. म्हंजी जागा आपली, राहतोय आपन, पन सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं चढलंय?"

"अगदी तसंच," फोनमधून बाई म्हणाल्या. "ज्या कंपन्या सातबारा न बघता विश्वास ठेवतात, त्यांच्याकडून तुमचं सगळं चालत होतं. आम्ही बघतो."

"बरोबर हाय तुमचं. बघायलाच पायजे," मालक म्हणाले. सातबाऱ्याच्या बाबतीत त्यांचं कुणाशीही दुमत होऊ शकत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. "नाव चढवलं कुनी?"

"मी."

"आनि मेल कुनी ल्हिली?"

"तीही मीच."

ताई चहाच्या कपात बघून हसू दाबत होत्या. साहेबांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी बघायचं होतं. मालकांनी मात्र मोकळेपणाने हसून घेतलं, इतकं की त्यांना ठसका लागला आणि पाणी मागवावं लागलं.

मी तिथेच लॅपटॉप उघडून नोंद दुरुस्त केली. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हटला आणि ताईंनी प्रत्येक आकड्याला "हं" म्हटलं. ही दुरुस्ती सगळीकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये पाठवलं. तिथे मिसळ खाताना मालक म्हणाले, "आता दुसरी मेल ल्ही. त्याच सगळ्यांना."

मी बऱ्याच विचाराने लिहिलं, 'तपासणीअंती नोंदीमध्ये किंचित तफावत असल्याचे आढळून आले आहे.'

त्यांनी वाचलं. "आढळून आलं कुनाला?"

"म्हणजे... आपल्या सगळ्यांना."

"न्हाई. ताईला आढळलं. आनि तफावत आपोआप आली व्हय? वावटळीत उडून?"

पाच वेळा खोडून शेवटी जी मेल गेली ती अशी होती: 'नोंदीत आमचा नंबर मी चुकीचा लिहिला होता. मॅडम पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होत्या. चूक आमच्या ग्राहक ताईंनी पकडली. निष्काळजीपणा माझा होता, तो शब्द मी मागे घेऊन स्वतःकडे ठेवतो. क्षमस्व.' पाठवायचं बटण मालकांनी दाबलं, कारण माझं बोट तिथे जाईना.

मिसळीची दुसरी तर्री येईपर्यंत ताईंचा फोन वाजला. शेडमधून त्यांच्या कामगार बायका बोलत होत्या. ताईंनी ऐकून फोन खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "उघडलं." मी इतका वेळ ताठ बसलो होतो हे मला तेव्हा कळलं. पाठ टेकली आणि पाव संपवला.

ताई त्यांच्या स्टोअरच्या साहेबांना भेटायला गेल्या. उशिराबद्दल त्यांना बोलणी बसणार होती, म्हणून मीही मागोमाग गेलो आणि त्यांची काही चूक नव्हती, चूक माझी होती, असं सांगितलं. साहेबांनी माझ्या गळ्यातली पट्टी वाचली, 'चूक शोधायला', आणि विचारलं, "सापडली ना?"

"सापडली."

"मग झालं." ताईंकडे वळून ते म्हणाले, "उद्यापासून वेळेवर."

परतताना पुन्हा तेच कंटेनर. मालक गाडी चालवता चालवता स्पीकरवर एकेका दोस्ताला फोन लावत होते. "आरं, आमच्या इंजिनेरनं तीन दिस चाकन बंद पाडलं हुतं! व्हय, येकट्यानं! दोन आकडं हिकडचं तिकडं केलं फक्त!" आधी मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिसऱ्या-चौथ्या फोनला लक्षात आलं, की त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. इतकी मोठी चूक करू शकणारा माणूस आपल्याकडे नोकरीला आहे, याचं त्यांना अप्रूप वाटत होतं.

मोशीच्या आसपास माझ्या फोनवर त्या बाईंचं उत्तर आलं. सगळ्यांना नाही, फक्त मला. 'सर, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आमच्या स्वतःच्या कंपनीचा नंबर चुकवला होता. आठवडाभर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत.'

मी ते मालकांना वाचून दाखवणार होतो, पण ते पुढचा फोन लावत होते. मग मी ते पुन्हा एकदा वाचलं, मनातल्या मनात नाही, हळू आवाजात, ताईंसारखं कानाने.