डाव्या कुशीची उशी

माझे मामा बसस्थानकावर घोषणा करायचे. तिकीट खिडकीमागे एक कोंदट खोली, तिच्यात टेबल, माईक, पाण्याची बाटली आणि मामा. "फलाट क्रमांक चारवरची गाडी थोड्याच वेळात सुटेल," हे ते एका श्वासात म्हणत. ड्रायव्हरचा पत्ता नसला, गाडी डेपोतून हललेली नसली, तरी त्यांचं 'थोड्याच वेळात' इतकं छातीठोक असे की वैतागून उठलेली माणसं परत बाकावर टेकत. घरीही तोच खाक्या. नळ गळू दे नाहीतर छत, होईल थोड्याच वेळात. मामी म्हणायची, यांच्या जिभेला हाड नाही.

एकदा मामांना न्यूमोनिया झाला आणि त्यापाठोपाठ प्लुरसी. डाव्या बरगडीखाली अशी कळ यायची की श्वास अर्ध्यातच अडकायचा. खोकणं, शिंकणं, हसणं, सगळं महाग झालं. फलाट क्रमांक चारची घोषणा तीन तुकड्यांत यायला लागली. वरच्या साहेबांना वाटलं स्पीकर बिघडला, त्यांनी वायर बदलून घेतली. हे सांगताना मामांना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीच आलं.

दुखणं गेलं, पण कायमचं गेलं नाही. अधूनमधून परत यायचंच. मग घरानं त्याच्याशी जुळवून घेतलं. खोकला आला की छातीच्या डाव्या बाजूला घट्ट धरायला एक लहान उशी मामीनं शिवली. डाव्या कुशीवर झोपलं की कळ कमी व्हायची, म्हणून मामांचं तोंड आपल्याकडे येईल अशी तिनं पलंगावरची स्वतःची जागाही बदलली. घरात विनोद करायला बंदी झाली. ती मोडायचे ते फक्त मामाच, आणि मग उशी धरून स्वतःच कळवळायचे.

एका खेपेला दुखायचं अचानक थांबलं. मामा खूश. जिना चढून वर आले आणि दारातच बसले, धाप काही थांबेना. इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं: फुप्फुसावर दोन पातळ पडदे असतात, ते सुजून एकमेकांवर घासतात म्हणून दुखतं. मध्ये पाणी साठलं की घासणं थांबतं, दुखणंही थांबतं, पण श्वास कोंडतो. दुखायचं थांबलं आणि धाप लागली, ताप आला, तर लगेच या. पाणी काढलं, मामा वाचले. पण बाहेरच्या बाकावर उपाशी बसून बसून मामीला भोवळ आली, आणि तिला खाली पडताना मामांनी स्ट्रेचरवरून पाहिलं.

डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातून मामीनं एकच गोष्ट पदराला बांधली. दुखतंय तोवर धोका नाही. त्यानंतर दर आजारपणात संध्याकाळी तिचा एकच प्रश्न, "दुखतंय का?" मामा म्हणत, "दुखतंय की." मग ती निश्चिंत होऊन चहा टाकायला जायची. मला या उफराट्या कारभाराचा संताप यायचा. नवऱ्याला दुखतंय हे ऐकून जीव भांड्यात पडणारी बायको मी दुसरी पाहिली नाही. ताप बघ, श्वास बघ, असं मी सांगायचे. ती म्हणायची, त्यांचं मला कळतं.

शेवटच्या खेपेला आठवडाभर हेच चाललं होतं. त्या संध्याकाळी मामा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मामीनं विचारलं. त्यांनी उशी घट्ट धरली, चेहरा वेडावाकडा केला आणि म्हणाले, "दुखतंय की."

मामी कप घेऊन तशीच उभी राहिली. उशी उजव्या बाजूला होती.

"अहो, कधीपासून दुखत नाहीये?"

मामांनी खाली उशीकडे पाहिलं. थोडं थांबत, दम घेत म्हणाले, "परवापासून. तू परत त्या बाकावर बसशील म्हणून... म्हटलं, येईल श्वास ताळ्यावर. थोड्याच वेळात."

मामीनं कप ठेवला आणि चपला घातल्या. मी रिक्षा आणायला धावले. रिक्षात मी मामांचा हात हातात घेतला तर तो चटके बसावेत इतका तापला होता. या वेळी आत नुसतं पाणी नव्हतं, पू झाला होता, आणि त्याचं विष अंगभर पसरलं होतं. डॉक्टरांनी खूप खटपट केली. मामी त्याच बाकावर बसली होती. मी हातात दिलेली पोळी तिनं या वेळी मुकाट्यानं खाल्ली, भोवळ येऊ नये म्हणून. मामा परत आले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांपुढे ती रडली नाही. माणसं पांगल्यावर एका सकाळी खुर्ची झटकताना तिला ती उशी सापडली. उशी घेऊन ती जमिनीवरच बसली.

"जन्मभर खोटं बोलून सगळ्या गावाला बसवून ठेवलं," ती म्हणाली, "आणि माझ्याशी एकदा खोटं बोलायचं होतं, तर धड बाजूसुद्धा लक्षात ठेवता आली नाही."

मग तिनं ती उशी आपल्याच डाव्या कुशीला घट्ट धरली आणि तेव्हा कुठे रडली.