प्रमिलावहिनींचा मळवगड

आमच्या मजल्यावर चौगुल्यांच्या घरातली कुठलीच गोष्ट कधी लपून राहिली नाही. आनंदराव चौगुल्यांची उभी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, प्रेस शॉपला गेली आणि निवृत्त होताना त्यांनी आपले कान तिथेच सोडले. तेव्हापासून प्रमिलावहिनींना घरातलं सगळं ओरडूनच बोलावं लागे. "अहो, बीपीची गोळी घेतली का?" हे तळमजल्यावरच्या दुकानातही ऐकू जाई. त्यांचं भांडण लागलं की आम्ही टीव्हीचा आवाज बंद करत असू, खोटं कशाला बोलू. मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं होतं, पण ते लावलं की नळाचं पाणीसुद्धा अंगावर धावून येतं म्हणून आनंदरावांनी ते कपाटात टाकलं. समोरच्याचे ओठ बघून त्यांना निम्मं कळे आणि उरलेलं निम्मं वहिनींच्या घशातून.

फोन तर सगळा वहिनींकडेच. ऐकू येत नसेल तर मोबाइल बाळगायचा कशाला, असं आनंदरावांचं म्हणणं. कुणाचाही फोन आला की वहिनी ऐकणार, मग नवऱ्याकडे तोंड करून तेच जोरात सांगणार, आणि त्याचं उत्तर परत फोनमध्ये सांगणार. त्यातले बहुतेक फोन मोहित्यांचे. रघुनाथ मोहिते हे आनंदरावांचे कारखान्यापासूनचे मित्र. निवृत्त झालेल्या सात-आठ जणांना गोळा करून ते दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जात. आनंदरावांचा आठवडा रविवारीच सुरू होई आणि रविवारीच संपे. उरलेले दिवस ते बुटांना पॉलिश करत, नाहीतर पुढच्या गडाबद्दल वहिनींचं डोकं खात.

वहिनींना गडांचा मनापासून कंटाळा होता. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, ठेचा बांधून द्यायचा आणि दिवसभर एकटीने घरात बसायचं. "दगडं बघायला एवढी पायपीट. आमच्या दारात काय कमी दगडं आहेत?" असं त्या मला जिन्यात ऐकवत. एकदाही त्या सोबत गेल्या नव्हत्या. कड्याच्या टोकाला लटकलेला नवरा त्यांच्या डोळ्यांपुढे दर रविवारी यायचा, असं त्या म्हणायच्या.

मग लॉकडाऊन लागलं. त्यात आपण सगळेच कोंडले गेलो, पण आनंदराव दुहेरी कोंडले गेले. ज्याच्या त्याच्या तोंडावर मास्क. ओठच दिसेनात. एकदा खाली जाऊन डेअरीवाल्याकडून दुधाऐवजी ताक घेऊन आले, एकदा पोलिसाने हटकलेलं कळलं नाही म्हणून शिव्या खाऊन आले. त्यानंतर ते खाली उतरेनासे झाले. संध्याकाळी पाठीवर रिकामी सॅक आणि पायात बूट घालून गच्चीत फेऱ्या मारत, पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत. पोरं हसायची. मी त्या पोरांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

वहिनी मात्र त्या दिवसांत खुलल्या होत्या. दर रविवारी त्यांच्याकडे काहीतरी खास व्हायचं, कोल्हापुरी पांढरा रस्सा, नाहीतर खरवस, आणि वाटीभर आमच्याकडे यायचं. "ज्योत्स्ना, आयुष्यात पहिल्यांदा रविवारी नवरा समोर बसून जेवतोय गं," त्या मला म्हणाल्या होत्या.

आता पुढचं मला फार नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते. दिवाळी झाली, बंधनं सैल झाली, गड उघडले. मोहित्यांचा फोन आला. मळवगडला जातोय, एकदम सोपा, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना पुन्हा पाय मोकळे करायला, आनंदाला विचारा. आनंदराव तेव्हा तिथेच, टेबलाशी लसूण सोलत बसले होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाठ केली आणि फोनमध्ये हळू आवाजात सांगितलं, "नको म्हणतायत हो ते. डॉक्टरांनीही नाही सांगितलंय." डॉक्टरांना कुणी विचारलंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर आनंदरावांनी खुणेने विचारलं, कोण? वहिनी ओरडल्या, "बँकेचा. कर्ज पाहिजे का म्हणून."

पुढे रोज ते विचारत राहिले. "मोहित्याचा काय फोन?" "नाही." "गड उघडलं म्हणतात. बघ की, आला असंल." "नाही आला हो." एका रविवारी त्यांनी बूट काढले, पॉलिश केलं आणि परत खोक्यात घातले. "इसरलं मला," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. संक्रांतीच्या आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, डावा पाय गेला. काठी धरून मोरीपर्यंत जातील एवढंच.

मोहिते भेटायला आले ते फेब्रुवारीत. मास्क लावून लांब खुर्चीत बसले. आनंदराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि काही न कळून हसत होते. शेवटी मोहित्यांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाले, "रविवारी पुन्हा मळवगडला निघालोय. पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही. वहिनींना पाठव आमच्यासोबत. महिनाभर घरात तुझं करतायत, जरा वारं लागू दे त्यांना."

वहिनी नको नको म्हणत होत्या. पण आनंदरावांनी काठी आपटली. "जा. बघून ये आणि मला सगळं सांग. दरवाजा कसा हाय, टाक्यात पाणी किती हाय, सगळं." मुलगी रविवारी थांबायला तयार झाली. वहिनींनी मला सोबत म्हणून ओढलं. मला वाटलं, बाईला लाज वाटतेय एवढ्या पुरुषांत. त्यांच्या तोंडावरचं ते काही वेगळंच होतं, पण मी कुठे मनकवडी आहे.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सगळे मास्क लावून बसले आणि पहिल्या चहालाच ते मास्क खिशात गेले. पायथ्याच्या वाडीत पोहे खाल्ले. एकमेकांच्या सुटलेल्या पोटांवर यथेच्छ बोलणी झाली. कुणीतरी म्हणालं, आनंदा असता तर एव्हाना वर पोचून आपल्या नावाने शिमगा करत बसला असता. सगळे हसले. वहिनी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसल्या होत्या.

चढायला लागलो. मुलीचे कॅनव्हासचे बूट आणि पंजाबी ड्रेस घालून वहिनी माझ्यापुढे चालल्या होत्या. मळवगडाची वाट म्हणजे बैलगाडी जाईल अशी. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मध्येच लाल पेटलेला पांगारा, पुढे थोड्या घडीव पायऱ्या. वाडीतली एक म्हातारी डोक्यावर ताकाची घागर घेऊन आमच्या बाजूने पुढे निघून गेली, वर विकायला. मी दर वळणावर थांबून धापा टाकत होते, कारण मी लॉकडाऊनमध्ये केक करायला शिकले होते. वहिनी थांबतच नव्हत्या. दरवाजातून आत शिरलो, चार पावलं चाललो आणि एकदम माथाच आला. सपाट मैदान, एक पडका बुरूज, एक देऊळ आणि खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं.

वहिनी तिथे उभ्या राहिल्या. त्यांना घामसुद्धा आला नव्हता.

"अजून किती आहे?" त्यांनी मोहित्यांना विचारलं.

"संपला की, वहिनी. हाच माथा."

"एवढंच?"

"तर काय. बालवाडी आहे ही. म्हणून तर लॉकडाऊननंतर पहिला हाच घेतला होता."

"एवढंच होतं?" वहिनी परत म्हणाल्या आणि टाक्याच्या काठावर मटकन बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मोहिते पण जवळ येऊन बसले. बाकीचे देवळाकडे गेले होते. मोहित्यांनी रुमालाने मान पुसली. मग म्हणाले, "वहिनी, एक सांगू का? मला तेव्हा त्याचा राग आला होता. एवढा सोपा गड, आणि हा नाही म्हणतो. मी म्हटलं, घाबरला. आम्हाला टाळतोय. मीही मग फुगून बसलो, फोन केला नाही, घरी आलो नाही. झटका आल्याचंसुद्धा तिसऱ्याकडून कळलं. दारात जाऊन एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? रात्री झोप लागत नाही हो. शेवटची संधी होती त्याची आणि मी अहंकार धरून बसलो."

वहिनींनी मान वर केली नाही. टाक्याच्या पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ते नाही म्हणालेच नव्हते, भाऊजी."

"म्हणजे?"

"मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांना माहीतच नाही तुम्ही बोलावलं होतं ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाठ केली तेही, बँकेचा फोन तेही. भीती होती, त्या म्हणाल्या. आमच्या शेजारच्या इमारतीतले एक जण नुकतेच कोरोनाने गेले होते, एवढ्या माणसांत एका गाडीत कसं पाठवायचं? ती भीती खरी होती. "पण तेवढंच नव्हतं, भाऊजी. मला रविवार सोडवत नव्हता. मला वाटलं, एवढी वर्षं तुम्ही घेतलात, आता राहू दे की माझ्याकडे. मला वाटलं गड म्हणजे काय तो मोठा कडा. हे असलं... हे मीसुद्धा चढले."

खरं सांगायचं तर मला वहिनींचा भयंकर राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही. गच्चीत टाक्यांना वळसे घालणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मोहित्यांनी हातातला खडा टाक्यात टाकला. शेवटी म्हणाले, "तो रोज विचारत असेल, वहिनी."

"हो. विचारायचे."

"आणि तुम्ही नाही म्हणायचात."

"हो."

मोहिते उठले आणि देवळाकडे गेले. वहिनींनी आणलेल्या भाकऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या, वाखाणल्यासुद्धा, पण मोहित्यांनी ताकवाल्या म्हातारीकडून एक पेला घेतला आणि तेवढ्यावर भागवलं. उतरताना ते सगळ्यांच्या पुढे होते. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "तू आज घरात ये माझ्याबरोबर. मी एकटी असले तर सांगणार नाही. उद्यावर टाकेन."

"मला कशाला साक्षीला घेता?" मी म्हटलं. गेले मात्र.

दिवेलागणीच्या आत पोचलो. मुलगी तिच्या घरी जायला निघालीच होती, आम्ही आत शिरलो आणि ती गेली. आनंदराव खुर्चीत टेकून, दाढीबिढी करून बसले होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"काय, चढलीस का? का पायथ्याला वडापाव खाऊन आलीस?" त्यांनी विचारलं.

वहिनी समोर स्टूल ओढून बसल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, मोहितेभाऊजींचा फोन आला होता."

"काय?"

"दिवाळीनंतर. फोन आला होता. मी सांगितलं नाही."

आनंदराव त्यांच्या ओठांकडे बघत होते, पण वहिनींचे ओठ थरथरत होते आणि त्यांतून काही वाचता येत नव्हतं. "काय म्हणतीस? मोठ्यानं बोल की."

वहिनींनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. जिन्यात समोरच्या घरची मुलं खेळत होती, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. मी दार लावायला उठले, पण आमच्या असल्या पातळ भिंतींत दार लावून काय होणार. वहिनींनी श्वास घेतला आणि एरवी गोळी घेतली का असं विचारतात त्या आवाजात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं, सांगितलं. दिवाळीनंतर मोहित्यांनी तुम्हाला मळवगडला बोलावलं होतं. मी तुम्हाला विचारलं नाही. मीच नाही म्हणून सांगितलं. ते तुम्हाला विसरले नव्हते. मी खोटं बोलले. रोज खोटं बोलले. तुम्ही चढला असता, आनंदाने चढला असता. बालवाडी आहे तो गड.

जिन्यातली मुलं गप्प झाली. वर बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

आनंदराव किती तरी वेळ बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले, अजून काही शब्द यायचे आहेत असं समजून. वहिनींचा घसा बसला होता.

मग ते म्हणाले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "एवढं वरडायला लागलं नसतं. तवा तू गडाचं नाव हळू घेतलं असतंस, तरी मला ऐकू आलं असतं."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, काठीवरची बोटं हलत होती. ओठ वाचणाऱ्या माणसाने डोळे मिटल्यावर त्याला काही सांगायचं कसं? ओरडून हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती. वहिनींनी ती मारली नाही. त्या स्टुलावर तशाच, मुलीचे मातीने भरलेले बूट पायात ठेवून, ते डोळे कधी उघडतात याची वाट बघत बसल्या.