साफ केलेला काठ

सहावीत शाळा सुटली आणि पुढे रत्नागिरीहून इतक्या लांब, हिंगणघाटजवळच्या सरकारी तलावावर मी चौकीदार म्हणून लागलो. नोकरी जाईल ही भीती उठताबसता असे. साहेब येणार म्हटलं की सगळं साफ करायचं, एवढं मला ठाऊक. म्हणून तलावाच्या पाहणीला कुणी येतंय असं कळताच दोन दिवस खपून मी काठाचं सगळं लव्हाळं कापून काढलं.

ते आले एकटेच, सायकलवर, गळ्यात दुर्बीण. पाणपाखरांची घरटी मोजायची होती. पाणी ओसरल्यावर कुठला काठ शेतकऱ्यांना पेरायला द्यायचा नाही, हे त्यावरून ठरणार होतं. उघडा काठ पाहून ते उकिडवे बसले आणि कापलेले बुडखे बोटाने चाचपू लागले. एका बुडख्याशी फुटकं अंडं होतं.

"काऊन कापलं जी?"

"तुम्ही येणार म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी वही उघडली. आता नाव विचारतील म्हणून मी श्वास रोखून उभा.

"भेता काऊन भाऊ? तुमचं नाव नाई लिहून राह्यलो. काठ कापला, पाखरं गेले, एवढंच लिहितो. उद्या दुसरा कोनी कापाले निघन, त्याले दाखवाले कामी पडन."

ते पुन्हा कधी आले नाहीत. लव्हाळं मात्र पुढच्या वर्षी माजलं, पाखरंही आली. अजूनही पाहणीला कुणी येणार म्हटलं की माझी छाती धडधडते, आणि मी आधी विळा छपरात खोचून ठेवतो.