मनकर्णामामीचा पाय ओला होऊ नये म्हणून

आमच्या मुखरूमामांचा आवाज काढायचा तर आधी पोटात हवा भरून घ्यावी लागते. मामा साधं "हो" म्हणतात तेही वैनगंगेच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं. मासे धरणारा ढिवराचा माणूस, सगळा जन्म डोंग्यात गेला, त्यामुळे समोर बसलेल्यालाही ते नदीपलीकडचाच समजतात. मनकर्णामामीचा आवाज त्याहून कठीण. ती हळू बोलते आणि शेवटचा शब्द सुपारीसारखा कातरते.

यंदा महाशिवरात्रीला मामांनी तिला मार्कंड्याच्या यात्रेला डोंग्यातून नेलं. डोंगा म्हणजे अख्खं खोड कोरून केलेली होडी. पाण्यात परी, जमिनीवर रेडा. "पाणी हाय ना जी?" मामीनं निघताना विचारलं. "भरपूर!" मामा नदीकडे न बघताच म्हणाले. अर्ध्या वाटेत नदी संपली आणि नुसते खडक सुरू झाले. मामीनं नव्या लुगड्याचा काचा मारला आणि डोंग्याचं एक टोक उचललं. मार्कंड्याच्या घाटावर आमच्या गावच्या ललिताबाईनं शंभर माणसांसमोर विचारलं, "काय वो मनकर्णा, डोंग्यानं आली का डोंगा घेऊन आली?"

मामीनं देवाचं दर्शन घेतलं आणि तिथूनच माहेरी निघून गेली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "मले न्याचं असन तं डोंग्यातूनच न्या. घरच्या घाटापर्यंत मी बसून येईन. मधात पाय ओला झाला का वापस. मंग मी वडशाले भावाच्या बांगड्याच्या दुकानात बसीन. कायमची."

कायमची हा शब्द तिनं कातरला आणि फोन ठेवला. मामांना भात येतो, वरण येत नाही. रोज संध्याकाळी ते वाटी घेऊन आमच्या दारात उभे राहत आणि आईला म्हणत, "बाई, वरण नको, नुसतं बोलाले आलो." वाटी मात्र पुढे. घरी गेले की जाळं विणता विणता जाळ्याशी बोलत. शेजारच्यांना वाटायचं, मामी आली.

मामीचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला. तिथे मामांचा दोस्त सोमाजी राहतो, त्याच्याकडे डोंगा आहे. मामांनी फोन लावला, "सोमाजी, पाणी किती हाय बे?"

आमच्याकडे पाणी फुटात कोणी मोजत नाही, माणसात मोजतात. पोराच्या घोट्याले, गुरुजीच्या मांडीले, असं. ऐकणाऱ्याला माणूस माहीत असला की झालं. सोमाजी म्हणाला, "आता पाहून राह्यलो गा. चैतूच्या कमरेले हाय."

मामा खाटेवरून उठून नाचलेच. चैतू म्हणजे त्या गावातला विजेचा खांब. दारातून वाकून शिरतो, बाहेर येताना विसरतो. त्याच्या कमरेला पाणी म्हणजे बैलगाडी बुडावी!

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन बसनं निघाले. भाचीसमोर मामी जास्त बोलणार नाही, असा त्यांचा हिशोब. मामी घाटावर तयारच होती. पाय धुऊन कोरडे केलेले, मांडीवर पिशवी, डोक्यावर छत्री. डोंग्याच्या मधोमध अशी बसली की वरात तिचीच. पुढे बांबू घेऊन चैतू, मागे सोमाजी, मधे मी आणि मामा.

पहिल्या वळणावरच डोंगा घासला. कर्रर्र. आणि थांबला.

"रेती असन जराशी," मामा म्हणाले.

चैतू खाली उतरला. पाणी त्याच्या घोट्याला. मामा त्या घोट्याकडे बघत राहिले.

"सोमाजी, काल हा कुठी उभा होता बे?"

"उभा?" सोमाजी म्हणाला. "बसला होता. आंगोळ करून राह्यला होता ना."

"बसलेला माणूस सांगते का कोणी पाण्याच्या मापाले!"

"तू इचारलं का, बसला का उभा?"

चैतू वरून म्हणाला, "मले तं कोणीच नाई इचारलं."

मामीनं छत्री मिटली. "तू बसून राह्य! हालू नको! पाय वर घे!" म्हणत मामांनी पाण्यात उडी मारली. मीही उतरले. आम्ही चौघांनी ढकलत ढकलत डोंगा पुढे नेला, तोवर खडकांचा पट्टा आला. आता ढकलणंही संपलं. उचलणं आलं.

नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजाच्या वाड्या असतात. मामांनी हाक मारली. ती ऐकून तीन वाड्यांवरची माणसं धावत आली. त्यांना वाटलं, कोणी बुडालं.

"बाई उतरत नाई का?" एकानं विचारलं.

"नाई," मामा म्हणाले. "बाईसकट."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, मग डोंग्याला खांदे लावले. हैशा! मामी हवेत. जरा पुढे गेल्यावर मागचा एक हळूच म्हणाला, "राम बोलो भाई राम."

"मी जित्ती हाय!" वरून आवाज आला. "आन् डाव्या आंगानं नेऊ नका, तिकडं शेवाळ हाय. उजवीकडून. उजवीकडून जी! चैतू, तू वाक, सगळं वझं तुह्या खांद्यावर येऊन मी तिरपी झाली!"

चैतू वाकला, तर डोंगा दुसरीकडे तिरपा झाला. मामा मागच्या टोकाला होते. त्यांचा पाय शेवाळावर गेला आणि ते गुडघ्यावर आपटले. डोंगा कलंडणार, एवढ्यात त्यांनी पाठ वाकवून खाली घातली आणि तसेच राहिले. गुडघा फुटलेला, तोंड लाल, तरी ओरडणं चालूच, "उतरू नको वो! आरामात बस! मले काई नाई झालं!"

मामीनं वाकून खाली पाहिलं. पिशवी माझ्याकडे फेकली आणि सरळ उडी मारली. दोन्ही पाय खडकांमधल्या पाण्यात, लुगडं पोटरीपर्यंत चिंब.

"अवो, पाय!" मामा रडकुंडीला आले. "वल्ला केला ना पाय! आता?"

सोमाजीनं लगेच कायदा काढला. "अट मोडली गा."

"माही अट हाय," मामी म्हणाली. "मोडीन, नाईतं लोनचं घालीन. तुमी पाणी पाहाले शिका आधी, सोमाजीभाऊ."

तिनं डोंगा खाली ठेवायला लावला आणि पदर फाडून मामांचा गुडघा बांधला. मामा उभे राहायला गेले आणि मटकन बसले. मामीनं मान हलवली, चैतूला खूण केली. दोघांनी मिळून मामांना उचलून डोंग्यात ठेवलं, पिशवी मांडीवर, छत्री हातात. मग तिनं काचा मारला आणि पुढच्या टोकाला खांदा लावला.

हैशा! डोंगा पुन्हा खांद्यावर चढला. मग वरून आवाज आला, मामांच्या मानानं फारच बारीक. "मनकर्णा, म्हणजे तू घरी येऊन राह्यली का?"

"तं हे वझं कोणाच्या घरी नेऊन राह्यली मी?" मामी म्हणाली. "हालू नका."

तेवढ्यात वाडीवरच्या एकानं कौतुकानं मोठं टरबूज आणून मामांच्या मांडीवर ठेवलं. पुढून मामी न वळताच ओरडली, "आता काय ठेवलं वर?"