सुदामचा वाटा

"मी हे मासे चिरणार नाही," शीला तिसऱ्यांदा म्हणाली.

"नको चिरू. मी चिरते," भिमाबाई म्हणाल्या. "माझ्या लेकाचा वाटा आहे तो. दारातून परत नाय जायचा."

"चिरायचे तर चिरा. पण या घरात शिजणार नाहीत."

"मग काय शेजारणीच्या गॅसवर शिजवू?"

विक्रांत मोरीच्या दारात उभा राहून पँटचे पाय पिळत होता. गुडघ्यापर्यंत चिखल होता. "मम्मी, तू कशाला इश्यू करतेय? वर्षभर येतायत ना हे मासे? तेव्हा गपचूप चिरत होतीस. आज मी आणले तर प्रॉब्लेम?"

"हो. आज तू आणलेस म्हणूनच."

"ऐकलंत का आजी? आता माझ्या हातचं पण चालत नाही."

भिमाबाईंनी परात पुढे ओढली. पांढऱ्या पिशवीतून मळे जातीचे सात-आठ मासे आणि दोन मोठ्या चिलापी परातीत पडल्या. मोतीबिंदूमुळे भिमाबाईंना आता विळीची धार नीट दिसत नाही, तरी त्या विळी घेऊन बसल्या. शीलाने त्यांच्या हातातून विळी काढून घेतली, धुतली आणि कट्ट्यावर उभी करून ठेवली. घरात कोणाचं बोट कापलं तर दवाखान्यात तिलाच जावं लागतं.

मांजर्लीतल्या या तळमजल्याच्या दोन खोल्यांत शीलाला येऊन चोवीस वर्षं झाली. तिचा नवरा सुदाम वायरमन होता. सोसायट्यांचे पंप, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी अशी कंत्राटी कामं करायचा. शीला उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. शिवून आलेला प्रत्येक पीस उलटा करायचा, शिलाईवरून अंगठा फिरवायचा, सुटलेला टाका दिसला की खडूची खूण करून बाजूला टाकायचा. दिवसाला चारशे पीस. "शीला, तू तो एक्स-रे मशीन है," असं तिचे सिंधी शेठ गिऱ्हाईकांसमोर म्हणतात. पगार वाढवायची वेळ आली की मात्र त्यांना हे आठवत नाही.

सुदामला रविवारी नदीवर जायचं वेड होतं. लग्न झालं तेव्हापासून. बरोबर रिक्षावाला प्रमोद, सोनिवलीचा चंदर आणि डोंगराकडच्या वाडीतला सुकऱ्या. चामटोलीच्या बाजूला उल्हास नदीला एक डोह आहे, तिथे चौघं सकाळी सहाला जायचे, दुपारी घरी. दारू नाही, पत्ते नाहीत. शीलाची तक्रार नव्हती. इतर बायकांचे नवरे रविवारी काय करतात ते तिला चाळीत दिसत होतं.

परत निघण्याआधी ते मासे वाटून घेत. त्याची त्यांची एक रीत होती. सगळे मासे खडकावर ओतायचे, जितकी माणसं तितके ढीग लावायचे. मग एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो ढीग. कुणाला जास्त, कुणाला कमी असं भांडण नको म्हणून. सुकऱ्याच्या वाडीत शिकारीचं मटणही असंच वाटतात, त्यानेच यांना शिकवलं.

मागच्या ऑक्टोबरात, एका रविवारी, सुदाम त्या डोहात गेला. पाय घसरला, भोवऱ्यात सापडला, असं प्रमोद आणि चंदरने सांगितलं. जलदान विधीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी प्रमोद दारात उभा राहिला. हातात मासे.

"पाठमोरा मीच होतो वहिनी," तो म्हणाला. "तोंडातून सुदामचंच नाव निघालं."

भिमाबाई रडल्या, चाळ हळहळली. असे मित्र हल्ली कुठे मिळतात, असं प्रत्येकाने एकदा तरी बोलून दाखवलं. मग दर रविवारी वाटा यायला लागला. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर खंड नाही. ज्या पाण्यात नवरा गेला त्या पाण्यातले मासे शीलाने खवले काढून, चिरून, हळदमीठ लावून तळले. भिमाबाई पहिला तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या आणि जेवण झालं की स्वतःच खायच्या.

चिरताना शीला मासे बघायची. बघायची सवयच होती. गळाने धरलेल्या माशाचा ओठ फाटलेला असतो. जाळ्यातल्या माशाच्या कल्ल्यामागची खवलं घासून निघालेली असतात. सुदाम गेला त्याच्या आधीच्या दिवाळीपासून तो जे मासे आणायचा, त्यांना यातलं काहीच नसायचं. ओठ अखंड, अंग गुळगुळीत. पण पोट उघडून आत बघितलं की कण्याच्या कडेने काळंनिळं रक्त गोठलेलं. कधी काटा मधोमध मोडलेला, जसा कोणी आतून पिळला असावा.

"हे मासे कशाने धरता हो तुम्ही?" तिने एकदा विचारलं होतं.

"तुला खायचेत की लग्न लावायचंय त्यांच्याशी?" सुदाम हसला होता.

मग एका पहाटे त्याच्या स्कूटरच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली इन्व्हर्टरची बॅटरी तिला दिसली. त्यानंतर पंधरा दिवसांनी बदलापूरच्या बाजारात सुकऱ्या भेटला. त्याची बायको भिकी कंटोळी विकायला बसली होती, तो शेजारी बिडी ओढत होता.

"हल्ली रविवारी दिसत नाही तुम्ही," शीला म्हणाली.

"मी सोडला त्यांचा संग. करंटवाल्यांबरोबर मी पान्यात नाय उतरत," सुकऱ्या म्हणाला. "बारीक पिल्लू बी जगत नाय मागे. आन मासा मरतो तसा मानूस बी मरतो, वयनी."

हे तिने घरी येऊन सुदामला सांगितलं. तो म्हणाला, "सुकऱ्याला काय कळतंय विजेतलं? मी वायरमन आहे. गमबूट घालतो, हातमोजे घालतो. बावीस वर्षं खांबावर चढतोय, मला काय झालं?" त्याला खरंच काही झालं नव्हतं. तिने मासे तळले.

तो गेल्यावर हवालदाराने जबाब घेताना विचारलं, "मासे कशाने पकडायचे?" प्रमोद खोलीच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. शीलाने त्याच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "गळाने." खाली सही केली. चोरून करंट लावून मासे मारताना मेला, असं भावकीत कुणी म्हणायला नको होतं. बॅटरी त्याची, वायरी त्याच्या, चूकही त्याचीच असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. मेलेल्या माणसाची चूक झाकायला एक शब्द पुरला.

वाट्याचे मासे सुरुवातीला फाटलेल्या ओठांचे यायचे. तिला बरं वाटायचं. निदान अक्कल आली. या पावसाळ्यानंतर मात्र पुन्हा कण्यावर काळे डाग दिसायला लागले. तिने तेही मासे तळले. आता ते दुसऱ्यांचे नवरे होते, त्यांच्या बायकांना डोळे होते.

आणि आज तिचा मुलगा तिला न सांगता पहाटे गेला आणि हे मासे घेऊन आला.

तिने परातीतली एक चिलापी उचलली, ओठ बघितला, पोटावरून उभी चिरली. मग विक्रांतच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"मासा."

"हे काळं काय आहे?"

विक्रांतने टॉवेल खांद्यावर टाकला. "मम्मी, टेन्शन नको घेऊ. फुल सेफ आहे. पप्पांचाच बॅटरी-वायरीचा सेट आहे, काकांनी जपून ठेवला होता. मला म्हणाले, तुझ्या बापाची आठवण आहे, तूच वापर."

"तू वापरतोस?"

"म्हणजे करंटचं बटण प्रमोदकाकाच धरतात, काठावर. मी पाण्यात, जाळी घेऊन. पप्पांची जागा ना ती."

"बघ," भिमाबाई म्हणाल्या. "बापाची जागा पोराला दिली. आणि तू त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतेस."

शीलाने चिलापी परातीत ठेवली. हात धुतले. साबण लावून परत धुतले.

"बटण नेहमी प्रमोदभावजीच धरायचे?" तिने विचारलं.

"हां, मग? पाण्यातला माणूस कसा धरेल? त्याच्या हातात जाळी असते."

"त्यांना फोन लाव. चहाला बोलाव."

प्रमोद चारला आला. खाकी शर्टाची वरची बटणं उघडी, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी लावलेली. "जय भीम आई," म्हणून भिमाबाईंच्या पाया पडला. मासे कसे होते विचारलं. शीलाने चहा दिला आणि समोर पाटावर बसली.

"भावजी, त्या दिवशी बटण तुमच्या हातात होतं?"

प्रमोदने कप खाली ठेवला नाही, प्यायलाही नाही.

"मी आवाज दिला होता वहिनी," तो म्हणाला.

शीला पाटावरून हलली नाही. त्यालाच पुढे बोलावं लागलं.

"पाणी जोरात होतं. मी 'चालू' म्हणून ओरडलो. त्याने हात वर केला, असं मला वाटलं. तो पाण्यात हात घालून जाळी सोडवत होता बहुतेक. झाडाच्या मुळीत अडकली होती. मी दाबलं." त्याने चहात बघितलं. "लगेच बंद केलं. लगेच. पण तो खाली गेला होता."

"मग?"

"मग शोधलं."

"लगेच?"

"चंदर म्हणाला, आधी बॅटरी हलव, लोक येतील. ती झाडीत टाकून आलो. पाच मिनिटं. पाच पण नसतील."

भिमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता, तो थांबला.

"तेव्हापासून मी एक रविवार चुकवला नाही वहिनी. आईंना विचारा. त्याचा ढीग आधी लावतो, मग आमचे."

"आणि बटण परत हातात घेतलंत."

"पावसाळा संपेपर्यंत हात लावला नव्हता. आईशपथ. मग चंदर म्हणाला, गळाला दोन-दोन मासे येतात, तीन घरांत काय वाटणार. आता सिस्टम बसवलीय. समोरच्याने दोन्ही हात वर केल्याशिवाय दाबत नाही."

"सुदामनेही हात वर केला होता. तुम्हाला वाटलं होतं."

प्रमोद उठला. चपला घालताना त्याला डावी-उजवी कळेना. "पोराला मी जपतो वहिनी, माझ्या पोरासारखा," एवढं म्हणून तो गेला. कपात चहा तसाच होता.

शीलाने विक्रांतकडे बघितलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. चेहरा उतरला होता, पण तिला वाटलं होतं तितका नाही.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"पुढच्या रविवारी?"

तो नखाने भिंतीचा रंग खरवडत राहिला. "ॲक्सिडेंट होता मम्मी. काका काय जानबूझके थोडी करणार? किती गिल्टी वाटतंय त्यांना, दिसत नाही तुला? मी जायचं बंद केलं तर त्यांना वाटेल आपण त्यांना गुन्हेगार समजतो."

"तू जाणार?"

"मी बावीस वर्षांचा आहे. सांभाळून करीन. पप्पांचं लक्ष नव्हतं, माझं असतं."

हेच वाक्य, थोडे शब्द बदलून, तिने याच खोलीत याआधी ऐकलं होतं. तेव्हा ती गॅसकडे वळली होती.

"शीला," भिमाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "झालं ते झालं. माझा लेक नदीने नेला, असं मी वर्षभर धरून बसले. नदीवर राग धरता येत नाय, म्हणून बरं होतं. आता ह्या वयात मला प्रमोदवर राग धरायला लावू नको. त्याच्या हातचं खाल्लंय मी."

"मीही खाल्लंय."

"मग गप बस. लोक काय म्हणतील सुदामला? चोर म्हणतील. आणि तुझी सही आहे त्या कागदावर. तुला आत टाकतील."

"टाकतील कदाचित."

"मम्मी, पागल झाली काय तू?"

शीलाने परात उचलली, मासे पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली. मोरीत जाऊन परात घासली. बाहेर आली तेव्हा दोघंही तिथेच होती, जिथे ती सोडून गेली होती. ती ओल्या हातांनीच बोलली, जेवायला काय करायचं ते सांगावं तशी.

"उद्या मी कामावर जाणार नाही. साडेदहाला पोलीस ठाण्यात जाणार. मासे गळाने धरायचे हे मी खोटं सांगितलं होतं, ते लिहून देणार. बटण कोणाच्या हातात होतं ते सांगणार, बॅटरी आधी लपवली ते सांगणार. आणि विक्रांत, आज तू करंट लावून पाण्यात उतरलास, सेट कुठे ठेवलाय तुला माहीत आहे, हेही सांगणार. तुझं नाव पत्त्यासकट देणार. डाळ मी सकाळी लावून जाईन, भाताचं आई, तुम्ही बघा."