एकच पुटकुळी

"तोंड वर कर."

भातसानगरच्या वसाहतीत, धरणाच्या साहेबांच्या घराच्या मागच्या दारात माझा दिवस असा सुरू व्हायचा. मी चौदाची. आमच्या आदिवासी वाडीवरून चालत धुण्याभांड्याला यायचे. बाई उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. पाळीच्या आधी माझ्या हनुवटीवर पुटकुळ्या यायच्या, हे बाईनं बरोबर ताडलं होतं. पुटकुळी दिसली की घरात पाय नाही, पाळी आलेली असो वा नसो. मग नुसती अंगणातली कामं. जेवण पायरीखाली, पानावर. पाणी वरून ओतलेलं. त्यांच्या कुत्र्याला निदान ताटली होती.

मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे. ज्या काथ्यानं मी तिची पातेली घासायचे, त्याच काथ्यानं आणि कपड्याच्या साबणानं एकदा हनुवटी घासली. सालटं निघालं. दोन दिवसांत पू झाला.

बाई म्हणाली, "ईऽ! रोगबिग नाही ना तुम्हा लोकांचा?"

तिची मुलगी माझ्याच वयाची, तरी मी तिला ताई म्हणायचे. तिलाही तशाच पुटकुळ्या. तिला कल्याणच्या डॉक्टरकडे नेलं. बाई फोनवर बहिणीला सांगत होती, हनुवटी बरी होऊन मी पुन्हा आत फरशी पुसत होते, तेव्हा ऐकलं. हार्मोन्स असतात म्हणे. पाळीच्या आधी कातडी तेलकट होते. तेव्हा घासायचं नाही, फोडायचं नाही, साध्या पाण्यानं हलकंच धुवायचं. नंतर कोरडी पडली की क्रीम लावायचं. वयात येताना व्हायचंच, असं म्हणून बाई हसली.

म्हणजे तिची पुटकुळी वयाची आणि माझी विटाळाची! मी फडकं करकचून पिळलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वसाहतीतल्या बायका जमल्या. मला पुटकुळ्या होत्या, म्हणून मी मागच्या अंगणात कप विसळत होते. बाई चार जणींना घेऊन दारात आली.

"हिची तारीख विचारावी लागत नाही. तोंडावरच उगवते. दाखव गं, तोंड वर कर."

बायका खिदळल्या. मागे ताई तिळगुळाची वाटी घेऊन उभी होती.

मी उठले. "नाय करनार. ताईला पन आल्यात. तिला पन बसवा पायरीखाली."

ताईनं हनुवटीवर हात धरला.

"चालती हो," बाई किंचाळली.

घरी आई रडली. "जाऊन पाया पड गो. काम जाईल."

"नाय पडनार."

काम गेलंच. आम्ही सगळे वीटभट्टीवर गेलो. तिथं फार हाल झाले, खोटं कशाला सांगू? धुळीनं आणि धगीनं चेहरा सोलून निघायचा. पाळीच्या आधीच्या दिवसांत मी तो साध्या पाण्यानं धुवायचे. काथ्या पुन्हा लावला नाही.

पुढं लग्न होऊन मुरबाडकडे आले. पहिल्याच महिन्यात सासूनं माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि गोठ्याकडे बोट दाखवलं.

मी चुलीपुढं बसले. पीठ मळायला घेतलं.

"आत्याबाई, पाळी आलीय. मी हितंच बसनार. भाकर खायची तर माझ्या हातची खा, नायतर उपाशी रहा."