शहाण्णवाव्या घरातला दाणा

"गहू चिरणं हे काय काम आहे?" मावशीचा जावई हसून म्हणायचा. आहे बाबा, आहे! गव्हाच्या संशोधन केंद्रात मावशीनं तीस वर्षं तेच केलं. दाण्याचा कोंबाकडचा अर्धा शहाण्णव घरांच्या ट्रेमध्ये, दुसरा अर्धा डीएनए तपासायला नळीत. घरं कोपऱ्यापासून मोजायची; घराचा आणि नळीचा नंबर एकच. तीस वर्षांत एक चूक नाही, याचा तिला केवढा तोरा!

केंद्रातल्या शास्त्रज्ञ मॅडमना मेणासारख्या स्टार्चचा गहू हवा होता. त्यासाठी तीन जीन एकाच दाण्यात बंद असावे लागतात. ते एकत्र आणता आणता सहा वर्षं गेली आणि शेवटी हातात उरले हे शहाण्णव दाणे. आज रिपोर्ट आला. फक्त एक नंबरच्या नळीत तिन्ही बंद! मॅडमनी पहिल्या घरातला अर्धा दाणा लगेच कुंडीत लावला. "बाकीचा ट्रे टाकून द्या, मावशी."

कचऱ्याच्या डब्यापाशी मावशी थबकली. शेवटच्या घरातला तुकडा कसा मेणचट, धुरकट दिसत होता. मग तिला आठवलं. ती डावखुरी. चिरताना ट्रे उलटा फिरवून घ्यायची, काम झालं की सरळ करायची. त्या दिवशी मध्येच चहा आला होता. अगं बाई! सरळ केलाच नाही.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती ट्रे घेऊन मॅडमकडे गेली.

"मॅडम, घोडचूक झाली माझी. ट्रे फिरलाय. तुमचा एक नंबर शहाण्णवाव्या घरात आहे."

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कुंडीतला दाणा उकरला, दोन्ही तुकड्यांचा कणभर चुरा काढला आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. कुंडीतला काळानिळा झाला. शेवटच्या घरातला तांबूस! मेणासारखा स्टार्च आयोडीननं असाच तांबूस होतो.

"डोळ्यांनी ओळखलंत?" मॅडम खुर्चीत बसल्याच.

"ओळखलं कुठलं! साधे दाणे चिरून चिरून बोटं झिजली माझी, हा तेवढा वेगळा दिसला. आत एवढं सगळं लिहिलेलं असतं, आणि अर्ध्या दाण्याच्या पिठातून ते वाचता येतं! देवा रे, मी काय चिरत होते आजवर!" मावशीचे डोळे भरून आले.

मॅडमनी कुंडी तिच्यापुढे सरकवली. "तुम्हीच लावा."

मावशीनं तो तुकडा डाव्या हातात घेतला. तीस वर्षांत तिनं लाखो दाणे चिरले होते. लावला एकही नव्हता.